कॅलिफोर्निया: करवाढीला दोन तृतीयांशच का? साधं बहुमत का नको?

मावळा_४०८
राजकारणाच्या विभागात वॉशिंग्टनखेरीज दुसरं काही चर्चेला येतच नाही, म्हणून जरा कॅलिफोर्नियाच्या राजधानीकडे, सॅक्रामेंटोकडे वळूया.

कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात असेंब्लीचे ८० आणि सिनेटचे ४० सदस्य. एखादा कर कमी करायचा तर ४१ आणि २१ मतं पुरतात. तोच कर पुन्हा होता तिथे न्यायचा तर ५४ आणि २७ लागतात. ही अट १९७८ च्या प्रॉप १३ ने (प्रॉपोझिशन, म्हणजे थेट लोकांच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव) राज्याच्या घटनेत घातली. प्रॉप १३ म्हटलं की सगळ्यांना घरपट्टीच आठवते: खरेदीच्या किमतीवर १ टक्का, आणि करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार. दोन तृतीयांशची अट त्याच दुरुस्तीत होती, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझं मत: ही अट काढून साधं बहुमत आणावं. ज्यांना निवडून दिलं त्यांनी कर लावावा, नाही पटला तर पुढच्या खेपेला त्यांना घरी बसवावं. आज १४ सिनेटर नाही म्हणाले की उरलेले २६ हात चोळत बसतात, आणि शिव्या मात्र त्या २६ जणांनाच.

तुम्हाला काय वाटतं? इथले मतदार, ग्रीनकार्डवाले, भारतातून बघणारे, सगळ्यांनी लिहा.

खडूस_काकू
रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर.

सनीवेलचा_शंकर
अजिबात नको. राज्याचा आयकर वरच्या टप्प्यात १३.३ टक्के, देशात सगळ्यात जास्त. दोन तृतीयांशचं कुलूप असताना ही गत, तर कुलूप काढल्यावर काय होईल? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. इथल्या अर्ध्या लोकांचे शेअर कंपनीकडून हातात पडतात त्या दिवशीच सॅक्रामेंटो आपला वाटा उचलतं, आणि तरी धागे निघतात की कर वाढवणं सोपं करा.

झंप्या
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. विक्रीकरासकट.

उकडीचा_मोदक
@झंप्या, घरी नेलेल्या खाद्यपदार्थांवर कॅलिफोर्नियात विक्रीकर नाही. थेटरात घेतलेत वाटतं.

@शंकर, तो १३.३ आकडा कसा तयार झाला ते बघा. आधी वरचा दर ९.३ होता. २००४ मध्ये प्रॉप ६३ आली, दहा लाखांवरच्या उत्पन्नावर १ टक्का, मानसिक आरोग्यासाठी. २०१२ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांची प्रॉप ३०, आणखी ३ टक्के. बेरीज करा. दोन्ही वाढी थेट लोकांच्या मतदानातून आल्या, आणि दोन्हींना ५० टक्क्यांच्या थोडी वर मतं होती, ५५ च्या आसपास किंवा कमी. म्हणजे तुमच्या खिशातून जे जातं ते या कुलपाने अडवलंच नाही. विधिमंडळाचं दार बंद म्हणून गडी खिडकीतून आत आला.

सनीवेलचा_शंकर
मग खिडकीलाही गज लावा. कर वाढवणाऱ्या प्रॉपोझिशनलाही दोन तृतीयांश मतं लागू करा. हाय काय नाय काय.

उकडीचा_मोदक
चालेल. पण मग प्रॉप १३ लाही तोच नियम लावूया? जून १९७८ मध्ये तिला ६५ टक्क्यांच्या किंचित कमी मतं होती. दोन तृतीयांश म्हणजे ६६.७. स्वतःच घातलेल्या अटीत ती स्वतः नापास होते.

मावळा_४०८
मोदकराव +१. आणि हा विनोद कुणाच्या लक्षात आला नाही असं नाही. मतांची पातळी वर नेणाऱ्या प्रस्तावाने आधी स्वतः तेवढी मतं मिळवावीत, अशी घटनादुरुस्ती विधिमंडळाने २०२३ मध्ये लोकांपुढे ठेवायचं ठरवलं. ती २०२४ च्या मतपत्रिकेवर यायची होती, पुढे ढकलली.

टुलसाकर
कॅलिफोर्नियाकर स्वतःला फार दुर्दैवी समजतात म्हणून लिहितो. आमच्या ओक्लाहोमात दोन तृतीयांश नाही, तीन चतुर्थांश. १९९२ मध्ये लोकांनीच मतदान करून घटनेत घातलं. विधिमंडळात तेवढी मतं नसतील तर पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकांना विचारा.

परिणाम असा की पुढची पंचवीसेक वर्षं विधिमंडळातून एकही करवाढ पास झाली नाही. करकपात मात्र साध्या बहुमताने होत राहिली. तेल-वायूचे भाव उतरले आणि तिजोरी रिकामी. अनेक शाळा आठवड्यातून चारच दिवस भरायला लागल्या. मुलांना शुक्रवारी सुट्टी आणि आईबाप ऑफिसला. शेजारच्या राज्यांत पगार बरा म्हणून शिक्षक टेक्सासकडे जायला लागले. शेवटी २०१८ च्या मार्चमध्ये सिगारेट, इंधन आणि तेलविहिरींवरचा कर वाढवून शिक्षकांचा पगार वाढवला. सिनेटमध्ये ४८ पैकी ३६ मतं लागत होती, बरोब्बर ३६ मिळाली. तरीही एप्रिलमध्ये शिक्षक संपावर गेलेच, कारण इतक्या वर्षांचा अनुशेष एका विधेयकात भरून निघत नाही.

आणि हे राज्य डेमोक्रॅट्सचं नाही हो. रिपब्लिकनांच्या हाती सगळं असून त्यांनाच स्वतःचा ठराव पास करता येत नव्हता. त्यामुळे हा डावा-उजवा वाद नाही, ज्याच्या हातात कारभार आहे त्याच्या गळ्यातलं लोढणं आहे.

खडूस_काकू
आले. आधी टुलसाकरांना धन्यवाद, असे प्रतिसाद यावेत म्हणून तर धागे वाचायचे.

आता २००९ चं सांगते, कारण इथले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. मंदीत राज्याची तूट ४० अब्ज डॉलरच्या वर गेली. तेव्हा नुसत्या करालाच नव्हे, अख्ख्या बजेटलाही दोन तृतीयांश मतं लागत. सिनेटमध्ये एक मत कमी पडत होतं. सदस्यांना सभागृहाबाहेर सोडेनात, रात्रभर बाकांवर झोपले लोक. तडजोडीला तयार झाले म्हणून रिपब्लिकनांनी आपलेच गटनेते कॉगडिल यांना मध्यरात्री खाली उतरवलं. अखेर एबेल माल्डोनाडो या सांता मारियाच्या सिनेटरने मत दिलं.

फुकट नव्हे. त्यांना पेट्रोलवरचा प्रस्तावित १२ सेंटचा कर वगळून हवा होता, तो वगळला. प्राथमिक निवडणुकीत पक्ष न बघता पहिले दोन उमेदवार पुढे जावेत अशी घटनादुरुस्ती लोकांपुढे आणायला हवी होती, तीही आणली. २०१० मध्ये ती पास झाली आणि आज आपण सगळे त्याच पद्धतीने मत देतो. आता मला सांगा, निवडणूक पद्धतीचा आणि बजेटच्या तुटीचा संबंध काय? काहीच नाही. पण शेवटचं मत ज्याच्या खिशात, त्याचा भाव तोच ठरवणार.

त्याच सौद्यात बड्या कंपन्यांना कर मोजायची पद्धत स्वतः निवडायची मुभा मिळाली. दरवर्षी सोयीची ती घ्या. ४० अब्जांच्या खड्ड्यात उभं राहून हे! ती सवलत बंद करायला २०१२ मध्ये लोकांनाच प्रॉप ३९ आणावी लागली.

आणि एवढं करूनही जुलैमध्ये राज्याकडे रोकड नव्हती. करपरतावा, पुरवठादारांची बिलं, यांच्या बदल्यात लोकांना ३.७५ टक्के व्याजाच्या हुंड्या पाठवल्या. काही दिवसांनी मोठ्या बँकांनी त्या घेणं थांबवलं. जगातल्या आठव्या-नवव्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेने उधारीच्या चिठ्ठ्या वाटल्या!

झंप्या
काकू, तुम्ही खडूस कुठे, तुम्ही तर गॅझेटियर.

रास्ता_पेठ_रिटर्न्स
हे आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखं झालं. पूर्वी ७५ टक्के सभासदांची संमती लागायची आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ शेवटपर्यंत सही अडवून बसले. त्यांना कोपऱ्यातला फ्लॅट आणि दोन पार्किंग कबूल केल्यावर त्यांचा इमारतीच्या इतिहासाबद्दलचा जिव्हाळा ओसरला. २०१९ नंतर ५१ टक्के झालं तेव्हा पुढची सोसायटी सहा महिन्यांत बिल्डरकडे गेली. बरं झालं की वाईट ते मला अजून ठरवता येत नाही, कारण त्या ४९ टक्क्यांत माझी मावशी होती.

सनीवेलचा_शंकर
रास्तापेठकर, तुमच्या मावशीचाच मुद्दा मी मांडतोय! ५१ जणांनी ४९ जणांच्या खिशात हात घालायचा असेल तर जरा जड गेलंच पाहिजे. इथे तर त्याहून वाईट आहे, आयकराचा जवळपास निम्मा भाग वरचे १ टक्का करदाते भरतात. म्हणजे ९९ जणांनी एकाच्या खिशात हात घालायचा. त्या एकाचं संरक्षण कुणी करायचं?

काकूंनी सांगितलेला तमाशा खरा, पण त्यातला बजेटचा भाग २०१० च्या प्रॉप २५ ने सुटला. बजेट आता साध्या बहुमताने पास होतं, १५ जूनची तारीख चुकली तर आमदारांचा पगार बंद. हुंड्या वाटायची वेळ पुन्हा आली नाही. मग करांची अट का काढायची?

उकडीचा_मोदक
हा प्रतिवाद चांगला आहे, मान्य. पण त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर प्रॉप २६ पण होती आणि तीही पास झाली. तिने बऱ्याचशा फीसुद्धा 'कर' ठरवून दोन तृतीयांशच्या दावणीला बांधल्या. वर असंही घातलं की कुणाही एका करदात्याचा कर वाढत असेल तरी ती करवाढच. त्याआधी एकाचा कमी, दुसऱ्याचा जास्त, एकूण बेरीज तेवढीच, असा बदल साध्या बहुमताने करता यायचा. आता तेही नाही. खर्च ठरवायचा ५१ टक्क्यांनी, पैसे आणायचे ६७ टक्क्यांनी. खर्चाला लगाम घालायचा असेल तर तो खर्चाला घालाल की जमेला?

निवृत्त_विक्रीकर
भारतातून बघणाऱ्यांनाही लिहा म्हटलंय म्हणून दोन शब्द. आयुष्य विक्रीकरात गेलं.

आपल्याकडे विधानसभेत अर्थविधेयकाला साधं बहुमत लागतं. पेट्रोलवरचा व्हॅट वाढवायला कुणाला दोन तृतीयांश जमवावे लागत नाहीत, हे पंपावर उभं राहिलं की कळतंच. पण जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश लागतात, हे फार कुणाला ठाऊक नसतं. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. गणित करा: सगळी राज्यं एकत्र आली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही, आणि केंद्रालाही बऱ्याच राज्यांना बरोबर घ्यावंच लागतं. पहिली तीनेक वर्षं तिथे मतदान झालंच नाही, सगळं एकमताने. पहिलं मतदान डिसेंबर २०१९ मध्ये, तेही लॉटरीवरच्या कराबद्दल. म्हणजे उंच पायरी असली की भांडणच होतं असं नाही, आधी बसून बोलायची सवयही लागते.

मात्र एक फरक ध्यानात घ्या. परिषदेत दर वाढवायलाही तीन चतुर्थांश आणि कमी करायलाही तीन चतुर्थांश. तुमच्याकडे उतरताना घसरगुंडी आणि चढताना कडा, असा प्रकार दिसतो. तो मात्र मला अन्यायाचा वाटतो.

मावळा_४०८
काका, नेमकं बोललात. याचं उत्तम उदाहरण म्हणजे गाडीची लायसन्स फी. गाडीच्या किमतीच्या २ टक्के असायची. १९९८ पासून चांगल्या दिवसांत टप्प्याटप्प्याने ०.६५ वर आणली. वाईट दिवस आले तेव्हा, २००३ मध्ये, गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी जुन्या कायद्यातलं कलम वापरून ती परत २ टक्के केली. लोक इतके खवळले की आधीच सुरू असलेल्या त्यांच्या रिकॉलला (मुदतीआधी पदावरून हटवण्याच्या मोहिमेला) आयतं इंधन मिळालं. त्यांच्या जागी सिनेनट श्वार्झनेगर गव्हर्नर झाले आणि शपथ घेतल्या दिवशी पहिल्या सहीने फी खाली. वर्षाला ४ अब्जांचा खड्डा. आणि तेच श्वार्झनेगर २००९ मध्ये त्याच फीचे ०.६५ चे १.१५ करणाऱ्या सौद्यावर सही करताना आपण पाहिले. तात्पुरतं का असेना.

झंप्या
श्वार्झनेगरवरून आठवलं. प्रचारात वॉरन बफे त्यांचे सल्लागार होते. बफेंनी सांगितलं की ओमाहातल्या साध्या घराची माझी घरपट्टी कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचच्या माझ्याच महागड्या घरापेक्षा जास्त आहे, प्रॉप १३ मध्ये काहीतरी गडबड आहे. त्यावर श्वार्झनेगर पत्रकारांना म्हणाले, पुन्हा प्रॉप १३ चं नाव काढलंत तर ५०० सिट-अप्स काढावे लागतील असं बफेंना सांगितलंय.

धाग्यावर ज्यांनी ज्यांनी नाव काढलं त्यांनी मोजायला सुरुवात करा.

मिलपिटसची_मैना
माझे तर हजार झाले.

अवांतर होईल पण लिहिते. आमच्या गल्लीत सारख्याच आराखड्याची घरं आहेत. आम्ही अलीकडे घेतलं, समोरच्या आजींनी ऐंशीच्या दशकात. आमची घरपट्टी त्यांच्या कितीतरी पट. बरं, १ टक्क्यावर थांबत नाही. बिल उलगडलं की खाली शाळांचे बाँड (कर्जरोखे), कॉलेजचे बाँड, अँब्युलन्ससाठी, डास मारण्यासाठी, अशा ओळीच ओळी. नवीन वसाहत असेल तर मेलो-रूस, म्हणजे तिथल्या सोयींसाठीचा जादा कर, वेगळा. हे सगळं का? तर सरळ कर लावता येत नाही म्हणून शहरं आणि शाळा फटी शोधत बसतात. आजींवर माझा राग नाही, दिवाळीचा फराळ पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातो.

सनीवेलचा_शंकर
आजींना २०२६ च्या भावाने बिल आलं तर त्यांना घर विकावं लागेल. फराळ कुणाकडे पाठवाल?

मिलपिटसची_मैना
आजींचा २ टक्क्यांचा नियम काढा असं इथे कोण म्हणतंय? धाग्याचा विषय विधिमंडळातल्या मतांचा आहे. आजींना पुढे करून दुकानांची आणि ऑफिसांची जमीनही जुन्याच भावात ठेवली जाते, ते वेगळंच. २०२० ला प्रॉप १५ त्यासाठीच होती, थोडक्यात पडली.

संपादित_सदस्य
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

खडूस_काकू
वर काय होतं ते मी वाचलंय बरं का. असो.

विषयावर येते. शंकर म्हणतो बजेटचा प्रश्न मिटला. पण शेवटच्या मताची बोली थांबलेली नाही. २०१७ चा रस्तेदुरुस्तीचा कायदा बघ. पेट्रोलवर गॅलनला १२ सेंट. डेमोक्रॅट्सकडे तेव्हा दोन्ही सभागृहांत जेमतेम दोन तृतीयांश होते, पण त्यांचाच एक सिनेटर फुटला. मग अँथनी कॅनेला या रिपब्लिकनाचं मत घेतलं. बदल्यात एसीई रेल्वे मर्सेडकडे न्यायला ४० कोटी डॉलर आणि मर्सेडच्या विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्याला १० कोटी. शेवटी आकडे बरोबर ५४ आणि २७. मर्सेडला रेल्वे नको असं मी म्हणत नाही, पण ती गरजेच्या क्रमाने मिळाली की मताच्या?

पुढची गंमत म्हणजे जॉश न्यूमन नावाच्या नवख्या सिनेटरला याच मतासाठी २०१८ च्या जूनमध्ये मतदारांनी मुदतीआधीच पदावरून हटवलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हा कर रद्द करायची प्रॉप ६ लोकांनी फेटाळली! कर ठेवला, न्यूमन गेला.

रास्ता_पेठ_रिटर्न्स
२००९ ला १२ सेंट काढून एक मत विकत घेतलं, २०१७ ला १२ सेंट घालायला एक मत विकत घेतलं. मधल्या आठ वर्षांत रस्त्यांना खड्डे पडले ते वेगळे. पुण्याची आठवण येऊन डोळे पाणावले.

सनीवेलचा_शंकर
काकू, न्यूमनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. लोकांना राग आला, लोकांनी हिशोब चुकता केला.

खडूस_काकू
अरे मग तेच तर मावळा पहिल्या पोस्टमध्ये म्हणतोय! बहुमताने कर लावा आणि मतदारांनी हिशोब करावा. ते होणारच असेल तर वर दोन तृतीयांश कशाला?

पेशाने_वकील
उशिरा आलो, दोनच मुद्दे.

एक, ही अट काढायचे प्रयत्न झालेले आहेत. २००४ मध्ये प्रॉप ५६ ने बजेट आणि करांसाठी ५५ टक्क्यांवर यायचं म्हटलं, मोठ्या फरकाने आपटली. नंतर बर्कलीचे भाषातज्ज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी एका वाक्याची दुरुस्ती मांडली: महसूल आणि बजेटचे विधिमंडळातले सगळे निर्णय बहुमताने व्हावेत. ती मतपत्रिकेपर्यंत पोचलीच नाही. मतदारांपुढे जे अधिकृत शीर्षक जातं त्यात करवाढ सोपी होणार हेच ठळक होतं, आणि तसं लिहिलं की लोक नाही म्हणतात. २०२४ ची प्रॉप ५ तर फक्त स्थानिक घरबांधणी आणि पायाभूत कामांच्या बाँडसाठी ५५ टक्के मागत होती, तीही पडली. उलट २००० मध्ये फक्त शाळांच्या बाँडसाठी ५५ टक्के मागितले तेव्हा लोकांनी दिले. म्हणजे 'कशासाठी' ते सांगितलं तर मतदार ऐकतो. कोरा चेक द्यायला तो तयार नाही.

दोन, कोर्टांनी बाजूने वाट काढलेली आहे. २०१७ च्या अपलँड खटल्यानंतर, नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेला विशिष्ट कामाचा स्थानिक कर साध्या बहुमताने पास होतो. तोच कर नगर परिषदेने मांडला तर दोन तृतीयांश. वॉशिंग्टन राज्यात तर २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी अटच बाद ठरवली, कारण ती घटनेत नव्हती, साध्या कायद्यात होती. कॅलिफोर्नियात ती घटनेतच असल्याने तो मार्ग बंद.

उकडीचा_मोदक
म्हणजे लोकांनी निवडलेल्या नगरसेवकांपेक्षा दारोदार पैसे देऊन सह्या गोळा करणाऱ्याला कर लावणं सोपं. वा.

सनीवेलचा_शंकर
वकीलसाहेबांचा पहिला मुद्दा पटला. माझी तडजोड ऐका. विक्रीकर काका म्हणाले तसं दोन्हीकडे सारखी अट ठेवा. वाढवायला ६० टक्के, कमी करायला आणि नव्या सवलती द्यायलाही ६० टक्के. त्याला मी हो म्हणेन. नुसत्या ५१ ला नाहीच.

मावळा_४०८
शंकर, सवलतींना अट घालायची तयारी दाखवलीस हे मोठं आहे. माझा आक्षेप एवढाच की ६० टक्के झाले तरी शेवटचं मत कुणाच्या तरी खिशात राहणारच, फक्त माणूस बदलेल. आज दोन्ही सभागृहांत एका पक्षाचे दोन तृतीयांशहून जास्त आहेत, तरी मोठे कर विधिमंडळ स्वतःहून क्वचितच लावतं. प्रत्येक जण म्हणतो लोकांनाच विचारू. प्रॉप ३० चे वाढीव दर प्रॉप ५५ ने २०३० पर्यंत नेलेत, ते संपताना पुन्हा हेच नाटक होणार. तेव्हा विधिमंडळाने हात वर करू नयेत, नावानिशी मत द्यावं, एवढंच मला हवंय.

टुलसाकर
६० टक्क्यांचं ओरेगनला विचारा. तिथे करवाढीला तीन पंचमांशच लागतात.

मिलपिटसची_मैना
एक बाळबोध प्रश्न. घटनादुरुस्ती लोकांकडून आणायची तर किती सह्या लागतात? आणि ग्रीनकार्डवाल्याला सही करता येते का?

पेशाने_वकील
गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीतल्या एकूण मतांच्या ८ टक्के, सध्या पावणेनऊ लाखांच्या आसपास, १८० दिवसांत. सही फक्त नोंदणीकृत मतदाराची. ग्रीनकार्डवर चालत नाही.

झंप्या
म्हणजे आम्ही फक्त पॉपकॉर्नवर विक्रीकर भरायचा. थेटरातल्या.